चौथं गाणं

“असं वागतात का? तीन वर्षं चाहत्यांना ताटकळवलं आणि नव्या अल्बममध्ये नुसतं रडगाणं!”

“चौथं गाणं ऐक गं. आई गेलीय त्याची. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करकरून वाढवलं तिने त्याला.”

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर त्या दोन मुलींशेजारी बसलेल्या म्हातारीने चटक्यांचे डाग असलेला हात शालीत ओढला. “कोण गेली?”

“गायकाची आई, आजी. शेवटचं तोंडही दिसलं नाही म्हणे.”

“त्यालाच तोंड दाखवायला सवड नसेल.”

“छे हो! फार जीव होता त्याचा.”

“होता. बरोबर.”

तेवढ्यात काउंटरवरून तिचा मुलगा चष्मा घेऊन आला. मुली ताडकन उठल्या.

“अय्या, हा तर तोच!”

“आई, चल.”

“मेलेल्या बाईला चष्मा कशाला रे? जन्मभर लोकांचा एक कपडा जळू दिला नाही मी. तू मला जिवंतपणीच जाळून आलास.”