सातवा पॅच

नाही हो ताई, ती अधिकची चिन्हं चुकून नाही आलेली, ती तशीच छापायची — प्रत्येक ओळीच्या आधी एक, हो, सगळ्या ओळींना. आणि वर 'आवृत्ती तीन' लिहिलंय तेही राहू द्या. पत्रच आहे. माझ्या थोरल्या भावाला. आता सख्ख्या भावाला लिहिताना ओळीआधी अधिक कोण लावतं? आम्ही लावतो. आम्ही म्हणजे — हे फुकट वाटायचं सॉफ्टवेअर असतं ना, कुणीही उघडून बघावं, सुधारावं असं, ते लिहिणारे. त्यात कुणाला काही बदलायचं असलं की अख्खं लिखाण नाही पाठवायचं, बदललेल्या ओळी तेवढ्या पाठवायच्या. काढलेल्या ओळीला वजा, घातलेल्या ओळीला अधिक. वर आपलं नाव, खाली काय बदललं आणि का बदललं. ह्याला म्हणायचं पॅच. तो मेलने यादीतल्या सगळ्यांना जातो, चारशे माणसं वाचतात, चुका काढतात, आणि घ्यायचा की नाही ते शेवटी मी ठरवतो. मीच का? कारण सॉफ्टवेअर माझं आहे. कपडे बेतायचं — माप टाकलं की कापायचा नमुना छापून मिळतो. तुमचं प्रिंटचं मशीन गरम व्हायला वेळ आहे ना अजून? मग झालं तर.

वाचा की, वाचा, लाजू नका, चारशे जणांनी वाचलंय, तुम्ही चारशे एकाव्या. झालं काय — पत्राचे खर्डे मी त्याच फोल्डरमध्ये लिहीत होतो जिथे सॉफ्टवेअरचं काम चालतं. कारण तिथे प्रत्येक खर्डा जपला जातो, खोडलेलंही परत मिळतं, आणि मी ह्या पत्रात खोडलं फार. मागच्या महिन्यात बटणांच्या काजांबद्दल सहा पॅच तयार होते. पत्र बाजूला काढायचं राहिलं आणि मी म्हटलं, पाठव सगळे. सहाच्या जागी सात गेले. विषय काय? 'सातपैकी सातवा — दादा, माफ कर.' तीस वर्षं दुसऱ्यांना सांगतोय, पाठवण्याआधी स्वतःला पाठवून बघा, आणि मी मात्र बघितलं नाही.

तुम्हाला वाटेल, लोकांनी सभ्यपणे दुर्लक्ष केलं असेल. छे! आमच्यात पॅच आला की तपासायचाच. एक बाई आहे, आम्ही तिला ओळमोजी म्हणतो, जन्मात कुणाला 'छान' म्हटलेलं नाही तिने. तिने लिहिलं — 'ह्या पॅचमध्ये दोन बदल एकत्र आहेत, माफी आणि तक्रार. वेगळे करून पाठवा.' दुसऱ्याने लिहिलं, चौथ्या ओळीच्या शेवटी मोकळी जागा सुटली आहे. तिसरा विचारतो, ह्याने आधीचं काही मोडणार नाही ना, चाचणी घेतली का? आता ह्याची चाचणी कशी घेणार, सांगा! आणि मी काय केलं? माणसाने लाजेने तोंड लपवावं की नाही? मी उत्तर दिलं — सूचनांबद्दल आभारी आहे, दुसरी आवृत्ती जोडत आहे. सवय हो. तक्रार काढून टाकली तर सतरा ओळींच्या पाचच उरल्या. बायको म्हणाली, तुमच्यापेक्षा त्या ओळमोजीला जास्त अक्कल आहे.

मग चौथ्या दिवशी आणखी एक उत्तर आलं. एकच ओळ. 'काय केलंस ते लिहिलेलं नाही.' खाली नाव नव्हतं, पण पत्ता दादाचा. हो, दादाही आहे ना त्या यादीत! सहा वर्षांपूर्वी त्याने एक पॅच पाठवला होता, तेव्हापासून आहे. आम्ही सहा वर्षं बोललो नाही आणि माझं प्रत्येक पत्र त्याच्याकडे जात होतं, काजांचं, कॉलरचं, सगळं. यादीतून नाव काढायला विसरला म्हणावं, तर तो काही विसरणाऱ्यातला नाही.

तर दादाचा पॅच. दादा शिंपी आहे, कसलेला कटर, चाळीस वर्षं झाली. मला जे काही बेतता येतं ते त्याच्या टेबलाशी उभं राहून आलंय. त्र्याहत्तराव्या — नाही, चुकलो, त्रेपन्नाव्या वर्षी हा माणूस कोड शिकला. माझ्यासाठी. वहिनी सांगत होती, दुपारी दुकान बंद करून वहीत उतरवून घ्यायचा. का, तर माझ्या सॉफ्टवेअरचा मुंढा चुकत होता — मुंढा म्हणजे बाही जोडायची ती गोलाई. हात वर केला की अख्खा शर्ट वर यायचा. त्याने तो दुरुस्त करून पाठवला, मला काही न सांगता, टोपणनावाने. आणि मी यादीवर चारशे जणांसमोर उत्तर दिलं — 'आधी नियम वाचून या. माझा वेळ फुकट नाही.' पॅच कुणाचा, मला काय माहीत! टोपणनाव होतं ना. मला खरंच माहीत — माप दीड बोट लिहिलं होतं त्यात. दीड बोट. सगळं जग सेंटिमीटरमध्ये लिहितं, बोटांत मोजणारा माणूस मला एकच ठाऊक आहे. माहीत होतं हो. पहिल्या ओळीलाच कळलं होतं. चिडलो मी — माझ्या एवढ्या कामात ह्याने येऊन चूक काढावी, आणि तीही बरोबर.

हे बघा, हे सगळं आलंय तिसऱ्या आवृत्तीत. चारचौघांत बोललो, ओळखून बोललो, चुकलो. आता तरी पुरे आहे की नाही? का बघताय अशा? ... नाही, तेवढ्यासाठी कुणी सहा वर्षं अबोला धरत नाही, बरोबर आहे तुमचं. दादा तर नाहीच धरणार, लहानपणी मी त्याचं नवं कापड कात्रीने कापलं होतं तेव्हाही हसला होता. सॉफ्टवेअरमध्ये घातला मी तो मुंढा. दोन महिन्यांनी. त्याचाच, दीड बोटाचं सेंटिमीटर करून. नाव माझं. लोकांनी वाहवा केली, ओळमोजी तिच्या जन्मात एकदाच म्हणाली, 'छान', आणि ते मी ठेवून घेतलं. आमच्यात दुसरं काही मिळत नाही हो, नाव तेवढं मिळतं. तेच काढून घेतलं मी त्याचं. हे कुठल्याच आवृत्तीत नाही. लिहायला बसलो की हात दुसरीकडेच वळतो.

आता तेही सांगून टाकतो — घरी प्रिंटर आहे माझ्याकडे. उत्तम चालतो. पण तुमच्या काचेतून समोरचं दुकान दिसतं. ते निळ्या पाटीचं. तोच तो, टेप गळ्यात घालून उभा आहे तो. बायको म्हणाली, मेल नको, हातात नेऊन द्या. मी तीन दिवस येतोय ह्या गल्लीत. काल तुमच्याकडून नुसतंच पाकीट नेलं, आठवतंय?

निघाला कागद? द्या. आणि पेन द्या जरा, खाली जागा आहे, दोन ओळी हातानेच — मुंढ्याची दुरुस्ती तुझी होती, मी माझ्या — नाही, असं नाही, 'माझ्याकडून झालं' वाटतंय ह्यात. मी केलं. मी मुद्दाम — थांबा. थांबा, शटर ओढतोय तो. दीड वाजला का? जेवायला चालला. आता साडेचारपर्यंत उघडणार नाही, आणि साडेचारला मी काही परत येणारा माणूस नाही, मी ओळखतो मला. सरका जरा, ताई. नको, राहू दे तो कागद, टाकून द्या, काय करायचाय! दादा! ए दादा! थांब, कुलूप नको लावूस —