बघणावळ

सातार: खरं सांगतो आर्किटेक्टसाहेब, हे छप्पर मी घातलेलंच नाही. ते उडत आलं!

आयबेक: उडत?

सातार: बिश्केकच्या हमरस्त्यावर टूथपेस्टची जाहिरात होती. एवढी थोरली बाई, सगळे दात काढून हसणारी. वादळात फाटकन सुटली, अख्ख्या वस्तीवरून फिरली, कुणाकडे टेकली नाही. आमच्याच डोक्यावर येऊन बसली.

बुरुल: खांद्यावर घेऊन तुम्हीच फिरवलीत ना! शेजारीण अजून विचारते, म्हातारपणी कुणाची पोरगी पळवून आणली नवऱ्यानं?

आयबेक: विलक्षण! आणि ही तिरकी खिडकी? डोंगराशी संवाद साधतेय जणू.

बुरुल: बसची आहे ती, बाळा. कंडक्टरशी साधायची संवाद. तळलेले बोरसोक घे, गार होतायत.

आयबेक: आपा, हात जोडतो, छपरावर ते नवे पत्रे आज घालू नका. वसंतात माझं प्रदर्शन आहे. परदेशी पाहुणे हे घर बघायला येतील. पत्रे घातले की ते चारचौघांसारखं होणार.

बुरुल: अरे, तेच तर हवंय मला! गेल्या हिवाळ्यात त्या बाईच्या दातांतून बर्फ गळत होतं, थेट माझ्या उशीवर. आणि आज आभाळ बघ कसं आलंय.

आयबेक: पण या अभावातसुद्धा एक सौंदर्य...

बुरुल: अहो, काय म्हणतोय हा?

सातार: भिजलीस की छान दिसतेस म्हणतोय.

आयबेक: पुस्तकात तुमचं नाव छापीन, आपा!

बुरुल: पुस्तक उशाला घेतलं तर गळायचं थांबेल? बरं, हे घर तू पहिल्यांदाच बघतोयस ना?

आयबेक: हो.

बुरुल: मग कोरुमदुक कुठाय? आमची बघणावळ? नव्या सुनेचं तोंडसुद्धा कुणी रिकाम्या हातानं बघत नाही. तू तर माझा संडास मोजून आलास!

आयबेक: चुकलंच. थांबा, पिशवीत चॉकलेट आहे...

बुरुल: चॉकलेट नको, हात दे. यांचे गुडघे गेलेत. शिडी तिथं आहे.

आयबेक: मी? आपा, मी छपरं फक्त कागदावर...

सातार: मग अडलंय कुठं? हे छप्परही जाहिरातीचा कागदच आहे. चढ!

(आयबेक शिडी चढतो. सातार खालून पत्रा सरकवतो.)

आयबेक: आपा... इथल्या भोकातून तुमची उशी दिसतेय.

बुरुल: बघून झाली?

आयबेक: झाली.

बुरुल: मग झाक, पोरा.