लुमेरा, कृष्णनाथ सर आणि न झालेली विक्री

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या शोरूमचे मालक माननीय राजेशबाब, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, कंपनीचे विभागीय अधिकारी सुदेश साहेब, सत्कारमूर्ती कृष्णनाथ सर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या ज्योतीवहिनी, वर्कशॉपमधले माझे सहकारी आणि पेडणे-डिचोलीहून मुद्दाम आलेले आमचे गिऱ्हाईक बंधुभगिनी,

मी गौरवी. सरांच्या हाताखाली विक्री शिकले. निवृत्तीच्या समारंभात आकडे सांगायचा रिवाज आहे. सांगते, राजेशबाब, काळजी नसावी.

लुमेरा ही आमच्या कंपनीची सर्वांत लहान आणि सर्वांत स्वस्त आलिशान गाडी. स्वस्त म्हणजे आमच्या मानाने. कृपया कोणी हसू नये. पहिल्या वर्षी उत्तर गोव्यात एक्केचाळीस गेल्या, दुसऱ्या वर्षी सव्वीस, तिसऱ्या वर्षी नऊ. लोकांना उंच गाड्यांची ओढ लागली आणि गेल्या मार्चमध्ये कंपनीने लुमेरा बंद केली. त्या शहात्तर गाड्यांपैकी बावन्न एकट्या सरांनी विकल्या. या गाडीवर त्यांचा फार जीव. लाटंबार्शाहून सकाळच्या पहिल्या बसने यायचे आणि आधी तिच्या काचेवरचे बोटांचे ठसे पुसायचे.

पण मी उभी राहिले आहे ती एका न विकलेल्या लुमेरासाठी.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरचा महिना. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. सहा महिन्यांत एक तरी गाडी विकली तरच पक्की. आणि पाच महिने संपले होते. अशात केरीहून अनुसयाबाई आल्या. त्या पाहुण्यांना खोल्या देतात. सोबत त्यांचे यजमान दत्ताराम, तेरेखोलच्या हॉटेलांचे जुने ड्रायव्हर.

अनुसयाबाई म्हणाल्या, "ह्येणी तीस वर्सां लोकांच्यो गाडयो चलयल्यो. आता एक बरीशी आपली होवची."

रंगसुद्धा ठरला. मी फॉर्म काढला. तेवढ्यात सर आले आणि दत्तारामना म्हणाले, "जरा बसून बघा." ते बसले. "आता उतरा." उतरले. "आणखी एकदा."

मला कळेना, हे काय चाललंय? तिसऱ्या खेपेला दत्तारामनी एका हाताने दार धरलं, दुसऱ्याने छप्पर, आणि ओठ दाबून वर आले. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. बायकोच्या आनंदाला गालबोट नको म्हणून ते गप्प होते. अनुसयाबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"दुखता काय वो?" त्यांनी विचारलं.

"थोडां," दत्ताराम म्हणाले. "तू इतक्या हौसेन आयलंस, म्हणान बोललंय नाय."

सर म्हणाले, "वहिनी, गाडी देखणी आहे, पण हिची बैठक खाली. ह्यांना उंच बैठकीची गाडी घ्या. आमच्याकडची उंच गाडी तुमच्या बजेटात बसायची नाही. समोरच्या शोरूममध्ये मिळेल."

समोरच्या शोरूममध्ये! मंडळी, माझी नोकरी रस्ता ओलांडून जाताना मी डोळ्यांनी पाहिली.

संध्याकाळी मी रागाने अहवाल भरला. त्यात एक रकाना असतो: गिऱ्हाईक का गेलं? मी लिहिलं, 'कृष्णनाथ सरांनी जायला सांगितलं.' तिमाहीचं लक्ष्य त्या एका गाडीने हुकलं. सरांना विभागप्रमुखपद मिळायचं होतं, ते दुसऱ्याला गेलं. माझी मुदत मात्र वाढली, त्यात एक गाडी विकली आणि मी पक्की झाले. मुदत का वाढली, हे कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

लुमेरा बंद झाल्यावर तिच्या फायली बांधताना तो अहवाल हाती आला. माझ्या ओळीखाली सरांची सही होती. त्यांनी वाचून वर पाठवला होता. मागे टाचणीने एक चिठ्ठी: 'या मुलीला आणखी तीन महिने द्यावेत. गिऱ्हाईक मी परत पाठवलं, तिचा दोष नाही.'

मी रडत त्यांच्यापुढे कागद धरला. म्हटलं, "सर, फाडून का नाही टाकलात?"

ते म्हणाले, "बाय, तू अहवालांत खरें तेंच बरयलेंस. खऱ्याखाली सही करूंक कसलो भंय?"

राजेशबाब, तुम्ही त्या वेळी फार चिडला होतात. पण तीन महिने दिलेत, आणि आजचा हा सत्कार तुमच्याच आग्रहाने होतो आहे, हेही सभागृहाला कळू दे. सुदेश साहेब, लुमेरा का चालली नाही याची कारणं कंपनी शोधते आहे असं ऐकते. सरांचे अहवाल मागवा. त्यात साडी नेसलेल्या बायका आहेत, म्हातारे सासरे आहेत, घराकडच्या खडबडीत चढणी आहेत. गाडी वाईट नव्हती हो. बसणाऱ्या माणसांना कोणी आधी विचारलं नव्हतं.

दत्ताराम आणि अनुसयाबाई तिसऱ्या रांगेत बसले आहेत. समोरच्या शोरूममधून घेतलेल्या उंच गाडीतून आले आहेत. आमच्या पार्किंगमध्ये ती पहिल्यांदाच मानाने उभी आहे.

ज्योतीवहिनी, सर आता तुमच्या स्वाधीन. घरच्या काजूच्या बागेत मजूर बोलावलेत तर लक्ष ठेवा, सर त्यांनाही जास्त मजुरीची दुसरी बाग दाखवतील.

आपण सर्वांनी इतका वेळ शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. मराठीत मध्येच कोंकणी शिरली असेल, नावांच्या क्रमात कोणाचा मान चुकला असेल, तर आपली मुलगी समजून पोटात घाला. आणि सर, मी तुमची माफी चारचौघांत कधी मागितली नव्हती. आज मागते.