बहिष्काराचा चहा

रामकृष्ण हरी! जय जय रामकृष्ण हरी!

बसा मंडळी, बसा. पुढं सरका! पुढची सतरंजी मोकळी सोडायची आणि मागं भिंतीला पाठ लावायची — ही आपली जुनी खोड. प्रसादाच्या वेळी मात्र बरोबर उलटं!

ऐका. एक प्रश्न विचारतो. दोन माणसांचं फाटलंय. बोलणं बंद, जाणंयेणं बंद. मग आधी कुणी जायचं? ज्याची चूक त्यानं? — अहो, 'चूक माझी' म्हणणारा माणूस या पंचक्रोशीत दाखवा, मी त्याच्याच पाया पडतो! बरं, मग ज्याची गरज त्यानं? — तो गेला की लोक म्हणणार, 'बघा, आला की नाही नाक मुठीत धरून!' मग जायचं कुणी?

आज दुपारी तुमच्या गावात उतरलो. एका घरी चहा झाला. मग दुसऱ्या घरी चहा झाला. दोन्हीकडे फक्कड! पण दोन्हीकडे मला एकच गोष्ट विचारली. काय, ते शेवटी सांगतो. तूर्त एवढंच ध्यानात ठेवा, की बुवांच्या पोटात दोन चहा आहेत, तेव्हा कीर्तन लांबणार!

उंबरा ओलांडी । तया भेटे हरी ।
बसला जो घरी । त्यास भिंती ॥

चरण माझंच आहे हो, संतांच्या नावावर खपवत नाही. वाजव रे केरबा! ... हळू! मृदंग आहे तो, गहू कांडत नाहीस तू.

तर आख्यान आहे सखाहरी बापू उगलमुगले यांचं. हसू नका, आडनाव आहे माणसाचं! हे बापू कोण? तर विधानसभेतले विरोधी पक्षनेते. कुठल्या राज्यातले, कधीचे, ते विचारू नका. कीर्तनात पत्ता विचारत नाहीत.

माणूस भला. आवाज असा, की माईक बिघडला तर लोकांना कळायचं नाही. आणि दिवसभर काय? भेटीगाठी! सकाळी पुतळ्याला हार. मग परदेशचे कुणी राजदूत येणार, ते हसणार, हे हसणार, फोटो निघणार. एकाला दुसऱ्याची भाषा कळत नाही, म्हणून भेट अत्यंत सौहार्दपूर्ण! मग शिष्टमंडळं. शिक्षकांचं, रिक्षावाल्यांचं, मेंढपाळांचं. प्रत्येकाला बापू एकच सांगणार, 'सरकारला जाब विचारतो!' आणि विचारायचेही बरं का. सभागृहात उभे राहायचे, टेबलावर मूठ आपटायचे, गर्जायचे, आणि मुख्यमंत्री उत्तर द्यायला उठले, की — चला! सभात्याग! सगळा पक्ष मागोमाग बाहेर.

आणि एक रीत अशी होती, की अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी विरोधकांना चहाला बोलवायचं. आता दुसरी रीत ऐका. विरोधकांनी त्या चहावर बहिष्कार टाकायचा! यांनी बोलवायचं, त्यांनी जायचं नाही. वर्षानुवर्षं! बापूंच्या कार्यक्रमपत्रिकेत तर चक्क लिहिलेलं असायचं — 'सायंकाळी पाच : चहापानावर बहिष्कार.' अहो, न जाण्याची वेळ ठरलेली! आणि त्या वेळात बापू काय करायचे? घरी बसून चहा प्यायचे! दोन-दोन कप! माणूस चहाचा भारी शौकीन हो.

तर त्या दिवशी दुपारी बापूंनी पत्रकार बोलावले, बहिष्कार जाहीर केला, आणि आत येऊन बसले. बाहेर शिष्टमंडळांची रांग. रांगेत एक म्हातारी. डोक्यावर पदर, पायात धुळीच्या वहाणा, मांडीवर पिशवी. बापूंचे पीए तुपसुंदर तिला म्हणाले, "आजी, शिष्टमंडळ कुठलं?"

"मी एकलीच हाय."

"विषय काय?"

"भाऊ."

"कुणाचा भाऊ?"

"माजा! त्यो आत बसलाय त्यो!"

आत आवाज गेला. विरोधी पक्षनेते धावत बाहेर! थोरली बहीण ती, गोदाअक्का. आई गेल्यावर तिनंच वाढवलेला हा पोर. बापू खाली वाकले. "अक्का, रांगेत कशाला बसलीस?"

"म्हनलं, रांगंनं तरी भेटतोस का बगू."

आता ऐका, अक्काचं दुखणं काय. ती दिलेली पैलवाडीला. अलीकडं रस्ता, दवाखाना, बाजार. पलीकडं पैलवाडी. मध्ये सोनवती नदी, आणि नदीवर पूल नाही! बाराही महिने खोल पाणी. माणसं जायची कशी? गूळ करायची काहील असते ना, लोखंडाची, ही एवढी — त्यात बसून! एक जण वल्हवतो, बाकीचे देवाचं नाव घेतात. गेल्या आषाढात अक्काच्या सुनेला रात्री कळा लागल्या. घातली काहिलीत. मधोमध गेल्यावर काहील गरगरा फिरली, आणि तिथंच, पाण्याच्या मध्यात, पोरगं जन्माला आलं! जगलं. माय जगली. देवाला डोळे असतात कधीकधी. पण सून शोभा अलीकडं माहेरी गेली ती गेलीच. म्हणाली, 'आत्याबाई, तुमच्यावर राग न्हाई. पर ह्या पोराला घिऊन मी परत काहिलीत बसायची न्हाई. पूल हुईल तवा नांदाय येईन.'

अक्का बापूंना म्हणाली, "नातू रांगाय लागला म्हनं. मी बगितला न्हाई. माजं गुडघं आता काहिलीत चढत न्हाईत. आज दोघांनी धरून आनली मला, ती थेट तुज्या दारात; सुनंचं म्हायेर उलट्या वाटंला, तितवर जायाचं जमलं न्हाई. पुन्यांदा यायची न्हाई. पूल कुठं हाय?"

"अक्का, मी दर अधिवेशनात बोलतो! टेबल फुटायची वेळ आणलीय!"

"मग तो मुख्यमंत्री काय म्हनला?"

आता सांगा मंडळी, बापू काय सांगणार? तो काय म्हणाला, हे ऐकायला बापू कधी आत होतेच कुठे!

म्हातारीच्या ध्यानात आलं. तिनं भिंतीवरच्या टीव्हीकडं बोट केलं. "त्यानं चहाला बोलावलंय म्हनं आज. तू का जात न्हाईस?"

"तो विरोध असतो, अक्का. रीत आहे."

"आरं, दुश्मनाच्या घरी मयत झालं तर मानूस जातो. हितं तर नुसता चहा हाय!"

बापू गप्प! सभागृहात बापूंना गप्प करणारा जन्माला आला नव्हता. गप्प करणारी मात्र त्यांच्या आधीच जन्मली होती, आणि समोर बसली होती.

"बरं, जातो," बापू पुटपुटले. तुपसुंदर पीएंच्या हातातला फोन पडता पडता राहिला.

निघाली स्वारी. बंगल्याच्या फाटकावर पोलीस. त्यानं सलाम ठोकला, आणि फाटक काही उघडेना! म्हणाला, "साहेब, आपण बहिष्कार टाकलाय."

"माहीत आहे मला. आत सोड."

"टीव्हीवर दाखवतायत साहेब. आपण आलेला नाही आहात."

बघा! समोर माणूस उभा, तरी आलेला नाही! देवळात आपलं तेच होतं ना? शरीर इथं, आणि माणूस दळणाच्या डब्यापाशी! काय हो मावशी?

शेवटी सुटले आत. बघतात तो काय! हिरवळीवर खुर्च्या मांडलेल्या, पांढरी चादर, कपबशा लखलखीत. किटली उचलली — रिकामी! थर्मास हलवला — रिकामा! आणि व्हरांड्यात मुख्यमंत्री श्रीरंगराव, गंजीफ्रॉक घालून, काशाच्या वाटीनं तळपायाला तेल चोळत बसलेले! बापूंना बघितलं आणि ताडकन उठले.

"बापू! काय झालं? सरकार पडलं का?"

"चहाला आलोय."

"कुठल्या?"

"तुम्ही बोलावलंय त्या!"

मुख्यमंत्र्यांनी तोंडावरनं हात फिरवला. "अहो, सांगायचं तरी येणार म्हणून! दरवर्षी दूध आणायचं आणि नासायचं. आचारी कंटाळला. बोलवायच्या दिवशी मी त्याला सुटीच देतो."

आहे की नाही गंमत? यांचं न जाणं ठरलेलं, पण त्यांचं बोलावणं तरी कुठं खरं होतं? सांगा, कुणाची चूक?

मग काय! राज्याचे मुख्यमंत्री आणि राज्याचे विरोधी पक्षनेते, दोघं स्वयंपाकघरात. एकाला साखरेचा डबा सापडेना, दुसऱ्याला काडेपेटी. मुख्यमंत्र्यांनी पाण्यात आधी साखर, मग पावडर, मग आणखी पावडर घातली. बापूंना राहवेना. "सरका! चहाचं खातं तुमच्याकडं नको!" पहिली टीका झाली ती ही. आलं ठेचलं, कोरा चहा उकळला, आणि ओट्याला टेकून दोघं प्यायला लागले.

बापू म्हणाले, "पैलवाडीच्या पुलाचं काय?" या वेळी मूठ आपटली नाही. नुसतं विचारलं. आणि सुनेचं, काहिलीचं सगळं सांगितलं.

श्रीरंगरावांनी कप खाली ठेवला. "बापू, तुम्ही पुलावर बोललात, की मी दरवेळी उत्तर द्यायला उठतो. समोर बघतो तर रिकामी बाकं!"

"उत्तरात काय असायचं?"

"'बघू' असायचं."

"बघू म्हणजे?"

"अहो, तुम्ही बसला असता, तर त्या 'बघू'चं 'करू' झालं असतं! रिकाम्या बाकांना कोण कबूल करतो?"

निघताना मुख्यमंत्र्यांनी बापूंना मागच्या दारानं काढलं. तुळशीपाशी हळूच म्हणाले, "आलात हे बाहेर बोलू नका. तुमचे म्हणतील विकला गेला, माझे म्हणतील घाबरला. आणि उद्या मला चांगला झोडा!"

दुसऱ्या दिवशी झोडला! टेबलाचा एक स्क्रू निसटला. पुलाचा प्रश्न झाला, मुख्यमंत्री उत्तराला उठले, आणि सवयीप्रमाणं सगळा पक्ष उठून बाहेर! बाहेर जाऊन घोषणा सुरू. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, 'अरे, नेता कुठाय?' नेता आत! एकटा! रिकाम्या बाकांमध्ये दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसलेला. पाय उठायला बघत होते हो, सवयीचे गुलाम ते! पण माणूस बसून राहिला. श्रीरंगरावांनी एकदा समोर बघितलं आणि म्हणाले, "पैलवाडीचा पूल मंजूर करण्यात येत आहे."

पुंडलिकवरदा हाऽरि विठ्ठल! — वाजव केरबा, आता वाजव जोरात!

पण संपलं का? संसार आहे हा! पक्षात ओरडा झाला, 'नेता फितूर! नेता बदला!' बापूंची खुर्ची डळमळली. पूल बांधून झाला, उद्घाटन ठरलं, तेव्हा पक्षानं बजावलं, की या वेळी बहिष्कार टाकायचा, नाहीतर पद सोडायचं! काय करतील? टाकला. आदल्या दिवशीच पलीकडं जाऊन राहिले अक्काकडं.

तर अलीकडच्या टोकाला मांडव, फीत, कात्री, श्रीरंगराव. पलीकडच्या टोकाला काळे झेंडे आणि बापू. मध्ये नवा कोरा पूल — आणि पुलावर कुणीच नाही! ज्याच्यासाठी एवढं केलं, त्या पुलावर पाय ठेवायला दोघं मोठे लोक एकमेकांची वाट बघत उभे.

अक्कानं घरातनं हे बघितलं. चुलीवरनं किटली उतरवली, तिच्यावर पेला पालथा घातला, पदरानं धरली, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी निघाली. झेंडेवाले म्हणाले, "आजी, बहिष्कार आहे!" म्हातारी म्हणाली, "तुमचा असंल!"

तिकडं अलीकडच्या गर्दीत सून शोभा पोराला घेऊन उभी होती. तिनं पुलावर सासू बघितली. पोराला खाली ठेवलं, आणि ते फितीखालनं सरळ दुडूदुडू पुलावर! झालं उद्घाटन! कात्री तशीच राहिली. पोरामागं माय धावली. बहीण पडेल म्हणून इकडनं बापू धावले. पोर पडेल म्हणून तिकडनं मुख्यमंत्री धावले. मधोमध सगळे एकत्र!

नातू समोर उभा. अक्काचे डोळे भरले, पण हातात किटली! तिनं बापूंकडं बघितलं नाही, मुख्यमंत्र्यांकडं बघितलं नाही. किटली बापूंच्या हातात कोंबली.

"धर ही. मला हात मोकळं पायजेत."

आणि नातवाला उचलून छातीशी धरला. रडली हो. दोन वर्षांचं रडून घेतलं.

आणि बापू? दोन्हीकडचे लोक बघतायत, हातात वाफाळती किटली, समोर श्रीरंगराव. आता काय करणार? माणसाच्या हातात किटली आली, की त्याला ओतावंच लागतं! बापूंनी ओतला, श्रीरंगराव प्यायले आणि म्हणाले, "या वेळी दूध आहे!"

मंडळी, मिळालं का उत्तर? आधी कुणी जायचं? चूक कुणाची, गरज कुणाची, ते वकील बघतील. ज्याच्या मनात माया, त्यानं जायचं.

आता माझ्या दोन चहांचं. दोन्ही घरी कप हातात देताना मला विचारलं, "बुवा, तिकडं घेतला नाहीत ना?" सख्खे भाऊ आहेत. नावं नाही सांगत. एक उजव्या खांबाला टेकलेत, दुसरे डाव्या. मध्ये नदी नाही, फीत नाही, नुसती सतरंजी आहे. आणि दोघांची नातवंडं त्या सतरंजीवर, इथं माझ्या पायाशी, केव्हापासनं एकत्र खेळतायत. बघा की!

आज प्रसादाला चहा सांगितलाय मी. केरबा, मृदंग ठेव. आण ती किटली इकडं... भरली आहे ना? बरं.

अण्णा, हो, तुम्हीच, उजव्या खांबाचे! जरा धरा ही. भजनाला टाळ घ्यायचेत, मला हात मोकळे पाहिजेत.