रेश्माचा तास

ऐका गंमत. वर्ग शांत दिसला की आमच्या मुख्याध्यापकांना हमखास संशय यायचा, आणि तोही माझाच! कापसाला भाव नाही, मजूर परवडत नाही, म्हणून घरोघरची पोरंच वेचणीला जायची. त्यांचा बुडालेला धडा हजर पोरांनी शिकवायचा, असं माझ्या वर्गानंच ठरवलं होतं.

एकदा सर दाणकन आत आले. फळ्याशी रेश्मा, मी मागच्या बाकावर.

"मॅडम, तुमी बसून राह्यल्या अन् पोरगी शिकवून राह्यली? तुमाले कायम करायचा शेरा मी कसा लिहू?"

"सर," रेश्मा म्हणाली, "बोलाच्या आधी हात वर करा लागते."

सरांचा हात चक्क वर गेला.

"थांबा. आधी गणेशचा हात होता."

गणेशचं झाल्यावर सरांनी दबक्या आवाजात विचारलं, "खरं सांगा पोरहो, मॅडम लय मारते न?"