होणाऱ्या जावयाचे खापरपणजोबा

अमेरिकेत, एडिसनमधल्या डेंटिस्टकडे आसावरी सुजलेला गाल धरून बसली होती. शेजारच्या खुर्च्यांवरचे काका-काकू मराठी कुणाला कळतंय म्हणून मोकळ्या आवाजात बोलत होते.

“आपल्या अनिकाचं लग्न करायचं म्हणजे मुलाचं घराणं बघायला नको? मी ऑनलाइन शोधलं. रायनचे खापरपणजोबाच सापडले, कांचन!”

“अगबाई, काय करायचे?”

“व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये पब चालवायचे.”

“म्हणजे हॉटेल व्यवसाय. छानच की!”

“अगं, गुत्ता तो! जनगणनेत नोंद आहे, लायसन्सची नोंद आहे, वेळेनंतर दारू विकली म्हणून दंड भरल्याचीसुद्धा आहे. लग्न कॅन्सल कर.”

“अहो, हॉल बुक झालाय.”

“आपल्या घराण्याला गुत्तेवाल्याच्या घरातला जावई?”

“आणि त्यांनी उलट आपलं घराणं शोधलं तर?”

“खुशाल शोधू देत. आपल्या नावावर एक डाग सापडणार नाही.”

“कसा सापडेल? तुमचे पणजोबा मालवणात घरामागे काजूची दारू गाळायचे, पण लायसन्स कधी काढलं होतं का त्यांनी?”

आसावरीने दुसराही गाल घट्ट धरला.