चिकट पॅनेलवर सक्त मनाई

—नाही नाही, वकीलबाई, संकोच कशाला, सरळ विचारा, की एवढी साधी गोष्ट, मग पेटंट कसलं? समोरची कंपनी उद्या सुनावणीत तेच म्हणणार — साच्यातून काढलेलं फायबरचं पॅनेल चिकट आहे तोवरच त्यावर पॉलिमरचा थर फवारला तर तो घट्ट बसतो, हे या धंद्यातल्या कुणालाही सुचलं असतं. कुणालाही? मला तीन वर्षं नाही सुचलं. आणि मी कोण — प्रयोगशाळेचा प्रमुख, दोन पदव्या, चष्म्याचा नंबर साडेपाच. पॅनेल पूर्ण कडक होऊ द्यायचं, घासायचं, पुसायचं, मग थर द्यायचा — आणि महिन्याभरात थर सालीसारखा सुटला की पुन्हा घासायचं, आणखी जोरात. घासण्यात इतका तरबेज झालो की घरी बायको भांडी माझ्यापुढे सरकवायला लागली.

तर तज्ज्ञालाही हे सुचणं अवघड होतं, याचा पुरावा हवाय ना तुम्हाला? हा घ्या, तेव्हाचा माझा लेखी हुकूम. पिवळा पडलाय, पण वाचता येतो — 'चिकट पॅनेलवर थर फवारण्यास सक्त मनाई. उल्लंघन करणाऱ्यावर कारवाई केली जाईल.' खाली सही कुणाची? माझी. ऐटीत, दोन रेघा ओढून. हसा, मीही हसतो. आपल्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे माझा मूर्खपणा, आणि तो सहीशिक्क्यासकट हजर आहे.

मग फवारलं कुणी? तेच सांगतोय की. मोल्डिंगवर एक जण होता, कायम घाईत, आम्ही त्याला तुफानच म्हणायचो. मुलीला शाळेतून आणायला उशीर होत होता, म्हणून पॅनेल कडक व्हायची वाट न बघता पठ्ठ्याने थर मारला आणि गेला निघून. मी दुसऱ्या दिवशी त्याला आठवडाभर घरी बसवलं — हे बघा, दुसरं पान, नाव, तारीख, गुन्हा, सगळं आहे. पॅनेल भंगारात फेकलं. सहा महिन्यांनी सहज उचलून पाहिलं, तर थर नखाने निघेना, पटाशीने निघेना. मग पेटंटच्या अर्जात संशोधक म्हणून नाव घातलं — माझं, एकट्याचं. म्हटलं, थर का चिकटला हे त्याला कुठे ठाऊक होतं, ते तर मी शोधलं. असं म्हटलं की झोप लागायची. म्हणजे, बऱ्यापैकी लागायची.

लिहायचं का थांबलात? अहो, लाज वाटते म्हणून तर सांगतोय, मनावरचं ओझं उतरवतोय. आणि तसंही उद्या तो त्यांच्याकडून साक्षीला उभा राहणारच, तर आधी आपणच — काय? त्यांच्या साक्षीदारांच्या यादीत नाही? नीट बघा. शेवटचं पान बघा. कुठेच नाही? म्हणजे — अकरा वर्षांत त्याने हे कुणाला सांगितलंच नाही?

बरं. उशीर झाला, निघा तुम्ही. पहिलं पान तेवढं न्या. दुसरं इथेच राहू द्या.